यंत्राची विद्या आणि पाण्याचा ताळा

मी इंजिनीयर नव्हे. मॅट्रिकच्या पुढें कॉलेजची पायरी मी चढलों नाहीं. आयुष्य गेलें तें शाळेंत मुलांना त्रैराशिक आणि दशांश अपूर्णांक शिकविण्यांत. अशा माणसानें पाणी तपासणाऱ्या विजेच्या यंत्राविषयीं बोलावें, आणि त्यांतही त्या यंत्राच्या पोटांतील विद्या काढून दुसरी घालण्याविषयीं बोलावें, हें आपणांस थोडें धाडसाचें वाटेल. परंतु हा विषय मीं हौसेनें निवडलेला नाहीं. तो आमच्या दारीं आला, आणि शिकल्यावांचून गत्यंतर उरलें नाहीं.

आम्ही पुण्याच्या एका उपनगरांत राहतों. आमची सोसायटी लहान, बारा बिऱ्हाडांची. उन्हाळा आला कीं नळाचें पाणी अपुरें पडतें आणि टँकर मागवावे लागतात. टँकरचें पाणी कोठल्या विहिरीचें वा बोअरचें असेल याचा नेम नसतो. एकदां गोड येतें, एकदां मचूळ. म्हणून आम्हीं वर्गणी काढून एक यंत्र घेतलें. टँकरचें पाणी प्रथम एका लहान कुंडींत पडतें. त्या कुंडींत यंत्राच्या कांड्या बुडविलेल्या असतात. आणि पाण्यांत क्षार अधिक आढळले, कीं कुंडीकडून मोठ्या टाकीकडे जाणारा विजेचा व्हॉल्व्ह आपोआप बंद व्हावा, अशी योजना होती. यालाच हल्लीं घरगुती स्वयंचलन म्हणतात.

योजना उत्तम होती. परंतु एके दिवशीं मे महिन्याच्या भर दुपारीं ती फसली. रस्ता खणणाऱ्यांच्या हातून इंटरनेटची तार तुटली होती. त्याच वेळीं टँकर आला. पाणी खारट होतें, हें यंत्रानें ओळखलें. त्याच्या स्वतःच्या पडद्यावर आकडा स्पष्ट दिसत होता. परंतु व्हॉल्व्ह मिटला नाहीं! कारण, यंत्रापासून व्हॉल्व्ह जरी अवघा दहा हातांवर होता, तरी यंत्राचा निरोप आधीं परदेशांतील सर्व्हरकडे जाई, आणि तेथून आज्ञा परत येई तेव्हां व्हॉल्व्ह हाले. वाट तुटली, निरोप राहिला, आणि नळाचें सांठविलेलें गोड पाणी मचूळ पाण्यांत मिसळलें. भर उन्हाळ्यांत आम्हांला ती टाकी रिकामी करावी लागली. बारा घरांतील बायकामाणसांनीं त्या दिवशीं हंड्या-कळशांनीं पाणी आणलें. शेजारच्या घरचें पाणी विलायतेला विचारून कां भरावें, हा प्रश्न त्या दिवशीं मला पडला, आणि त्याचें उत्तर शोधतांना 'फर्मवेअर' हा शब्द माझ्या ओळखीचा झाला.

आतां हें फर्मवेअर म्हणजे काय तें पाहूं. पाटीवर पेन्सिलीनें लिहिलेलें अक्षर बोटानें पुसतां येतें. ताम्रपटावर कोरलेलें पुसतां येत नाहीं. संगणकावर आपण रोज चालवितों तीं कामें पाटीवरील अक्षरासारखीं होत. यंत्राची तार, चकती, खिळा हीं ताम्रपटासारखीं होत. फर्मवेअर या दोहोंच्या मधलें आहे. तें यंत्राच्या स्मृतींत पक्कें बसविलेलें असतें, वीज गेली तरी जात नाहीं. परंतु योग्य साधनें हातीं असल्यास तें काढून दुसरें बसवितां येतें. हा शब्द ॲशर ऑप्लर या अमेरिकन गृहस्थानें १९६७ सालीं एका लेखांत प्रथम योजिला. 'हार्ड' आणि 'सॉफ्ट' यांच्या मधलें तें 'फर्म', असा त्याचा अर्थ.

आतां पाणी तपासणाऱ्या यंत्राच्या अंतरंगांत शिरूं. भिंतीवर टांगलेली ही एक पेटी दिसते. परंतु तिच्या आंत बहुधा दोन निरनिराळे कारभारी बसलेले असतात. एक मापारी, आणि दुसरा जासूद. मापाऱ्याचें काम पाण्यांतील कांड्यांकडून विजेची अल्पशी खूण घेऊन तिचा आकडा करण्याचें. जासुदाचें काम तो आकडा वायफायच्या मार्गें बाहेर पोंचविण्याचें. या दोन कामांसाठीं दोन वेगळ्या चकत्या असतात, आणि दोघांच्या मध्यें दोन बारीक तारांवरून अखंड संभाषण चालतें. हा भेद ज्यानें लक्षांत ठेविला त्याला पुढील सर्व विषय सुगम होईल.

मापारी काय मोजतो? पहिली गोष्ट पीएच, म्हणजे पाण्याचा आम्लपणा वा अल्कपणा. ही मोजणी १९०९ सालीं डेन्मार्कमधील कोपनहेगन येथें सोरेन्सेन या रसायनशास्त्रज्ञानें सुरू केली. तो कार्ल्सबर्ग नांवाच्या बिअरच्या कारखान्याच्या प्रयोगशाळेंत काम करी. सात हा आंकडा मध्याचा. त्याच्या खालीं आम्ल, वर अल्क. कांचेच्या अतिशय पातळ फुग्याच्या आंतील द्रव आणि बाहेरील पाणी यांच्या आम्लपणांत फरक असला, कीं त्या कांचेच्या दोन्ही बाजूंत सूक्ष्म विद्युद्दाब उत्पन्न होतो. उष्णमान पंचवीस अंश असतां पीएचच्या एका घराला हा दाब सुमारें ५९ मिलिव्होल्ट भरतो. इतकी सूक्ष्म खूण वाचण्याचें सुटसुटीत यंत्र १९३४ सालीं अमेरिकेंत आर्नल्ड बेकमन यानें बनविलें, आणि तें कशासाठीं म्हणाल, तर कॅलिफोर्नियांतील लिंबांच्या रसाचा आंबटपणा मोजण्यासाठीं!

दुसरी गोष्ट विद्युद्वहन. शुद्ध पाणी विजेला जवळजवळ वाट देत नाहीं. त्यांत क्षार विरघळले कीं वाट मिळते. जितके क्षार अधिक, तितकी वीज अधिक वाहते. उष्णमान एका अंशानें चढलें तर हें वहन सुमारें दोन टक्क्यांनीं वाढतें, म्हणून यंत्राला उष्णमानही मोजून तितकी वजावट करावी लागते.

तिसरा आकडा आपण सर्वजण ऐकतों तो टीडीएस, म्हणजे पाण्यांत विरघळलेल्या एकूण पदार्थांचें प्रमाण. येथें एक मौज सांगतों. घरगुती यंत्र टीडीएस मोजतच नाहीं! तें विद्युद्वहन मोजतें आणि त्याला एका ठराविक अपूर्णांकानें गुणतें. हा अपूर्णांक कोणी ०.५ धरतो, कोणी ०.७ धरतो. त्यामुळें एकाच पेल्यांतील पाणी दोन यंत्रांत घातलें असतां एक ४०० सांगेल आणि दुसरें ५६० सांगेल, आणि दोन्ही यंत्रें आपापल्या परीनें खरीं असतील. भारतीय मानक १०५०० याच्या २०१२ सालच्या आवृत्तींत पिण्याच्या पाण्याला टीडीएसची मर्यादा लिटरला ५०० मिलिग्रॅम सांगितली आहे, आणि दुसरें पाणीच उपलब्ध नसल्यास २००० पर्यंत मोकळीक दिली आहे. पीएच ६.५ ते ८.५ असावा. आपल्या यंत्राचा आकडा या मर्यादेशीं ताडून पाहतांना, त्यानें कोणता अपूर्णांक धरला आहे हें आधीं पहावें.

आतां मुख्य मुद्दा. फर्मवेअर बदलावयाचें तें कोणाचें? मापाऱ्याचें नव्हे. मापारी आपलें काम नीट करीत असतो. त्याच्या अंगीं कांड्यांचें शोधन कसें करावें, उष्णमानाची वजावट कशी करावी ही विद्या भरलेली असते, आणि तिला हात लावल्यास सर्वच बिघडेल. बदलावयाचें तें जासुदाचें. जुना जासूद निरोप घेऊन परदेशीं जात होता. नव्या जासुदाला एवढेंच शिकवावयाचें, कीं बाबा रे, निरोप घरांतल्या घरांत दे.

ही नवी विद्या फुकट मिळते, हें ऐकून मला प्रथम खरें वाटेना. नेदरलँड्समधील थिओ अरेंड्स यांनीं २०१६ सालीं एका स्विचासाठीं लिहिलेलें फर्मवेअर आज 'टॅस्मोटा' या नांवानें प्रसिद्ध आहे. ऑटो विंटर या तरुणानें सुरू केलेलें 'ईएसपीहोम' हें दुसरें. ज्या यंत्रांत बेकेन या चिनी कंपनीच्या वायफाय चकत्या असतात, त्यांच्यासाठीं 'ओपनबेकेन' हें तिसरें. घरांतील सर्व यंत्रांचा कारभार पाहण्यासाठीं एका लहानशा संगणकावर 'होम असिस्टंट' बसवितात; त्याचा आरंभ २०१३ सालीं पॉलस स्कौटसेन यांनीं केला. निरोपांच्या देवघेवीस 'एमक्यूटीटी' नांवाची जी भाषा बहुधा वापरतात, ती १९९९ सालीं तेलाच्या दूरदूरच्या नळांवरील मोजमापें उपग्रहामार्फत थोडक्या खर्चांत आणण्यासाठीं निर्माण झाली. तेलाच्या नळासाठीं निघालेली भाषा आज आमच्या पाण्याच्या नळाला उपयोगी पडते आहे.

प्रत्यक्ष कृति थोडक्यांत सांगतों. माझा एक जुना विद्यार्थी या धंद्यांत आहे. त्याच्या मदतीनें हें काम झालें. प्रथम पेटी उघडून जासुदाची चकती कोणत्या जातीची आहे तें वाचावें, कारण एका जातीचें फर्मवेअर दुसरीला चालत नाहीं. पेटी भिंतीवरील विजेला जोडलेली असतां ती कदापि उघडूं नये. हा नियम मोडणाराला दुसरी संधि मिळेलच असें नाहीं. जुन्या यंत्रांवर पेटी न उघडतां हवेंतूनच फर्मवेअर घालण्याच्या युक्त्या चालत. नवीन यंत्रांत त्या वाटा बहुधा बुजविलेल्या असतात. म्हणून तारा जोडाव्या लागतात. जमीन, विजेचा पुरवठा, जाणारा निरोप, येणारा निरोप, अशा चार तारा. पुरवठा ३.३ व्होल्टचाच हवा. पांच व्होल्ट दिल्यास चकती जळून जाण्याचा संभव असतो.

येथें एक अडचण येते, ती पुष्कळांना चकविते. ज्या दोन तारांवरून जासूद मापाऱ्याशीं बोलतो, बहुधा त्याच तारांवरून त्याला नवी विद्या शिकवावयाची असते. आपण शिकवीत असतां मापारी मध्येंच बोलूं लागला, तर वर्गांत एका वेळीं दोन मास्तर शिकवूं लागल्यासारखें होतें, आणि विद्यार्थ्याला कांहींच कळत नाहीं. म्हणून शिकवणी चालू असेतों मापाऱ्याच्या तारा सोडवाव्या, किंवा जासुदाची चकती सोल्डर काढून बाहेर घ्यावी. आणि सर्वांत महत्त्वाचें: जुनें फर्मवेअर पुसण्यापूर्वीं त्याची नक्कल उतरून ठेवावी. नक्कल असली तर मागें फिरतां येतें. नसली तर वाट एकेरी होते.

नवा जासूद बसला. आतां त्याला मापाऱ्याची भाषा कळली पाहिजे. पुष्कळ यंत्रांत ही भाषा हांगचौ येथील तुया कंपनीनें ठरविलेली असते, आणि तिची रचना छापून प्रसिद्ध आहे. प्रत्येक निरोप आकड्यांची एक ओळ असतो. आरंभीं ५५ आणि ए-ए ही ठराविक खूण, मग आवृत्तीचा व आज्ञेचा क्रमांक, मग मजकुराची लांबी, मग मजकूर, आणि सर्वांत शेवटीं एक आकडा, जो मागील सर्व आकड्यांची बेरीज करून तिला २५६ नें भागून उरलेली बाकी असतो. हें वाचून मला फार आनंद झाला. श्रोतेहो, हा तर आपला ताळा! गुणाकार बरोबर आला कीं नाहीं हें पाहण्यासाठीं नवांचा ताळा काढण्यास मीं हजारों मुलांना शिकविलें. वाटेंत एखादा आकडा बिघडला तर ताळा जुळत नाहीं, आणि जासूद तो निरोप टाकून देतो.

परंतु ताळा जुळला म्हणजे उत्तर बरोबरच असतें असें नाहीं, हेंही मीं मुलांना सांगत असें. आणि तें मीच विसरलों. मापारी पूर्णांकच पाठवितो. पीएच ७.१२ असला तर तो ७१२ असें पाठवितो, उष्णमान २८.४ असलें तर २८४. दशांशचिन्ह कोठें द्यावयाचें हें आपण नव्या जासुदाला सांगावयाचें असतें. शिवाय कोणत्या क्रमांकाच्या ओळींत पीएच, कोणत्या ओळींत विद्युद्वहन, हेंही आपणच सांगावयाचें. हे क्रमांक यंत्रायंत्रागणिक बदलतात. पहिल्या दिवशीं कुंडीचें उष्णमान २८४ अंश दिसलें, तेव्हां आम्ही पोट धरून हंसलों. ती चूक निरुपद्रवी, कारण ती चूक आहे हें आंधळ्यालाही दिसावें. घातक चूक ती, कीं जी खरी वाटते. मीं विद्युद्वहनाच्या जागीं टीडीएसची ओळ लिहिली. आकडा निम्मा दिसूं लागला. परंतु तो अशक्य नव्हता, उलट फार चांगला वाटत होता. विद्युद्वहन १५०० मायक्रोसीमेन्सच्या वर गेलें तर व्हॉल्व्ह बंद व्हावा असा नियम मीं घातला होता; म्हणजे प्रत्यक्षांत तें ३००० होईपर्यंत व्हॉल्व्ह उघडाच राहणार होता. आठ दिवस बारा घरें माझ्या चुकीवर विसंबून निर्धास्त झोंपलीं.

आठव्या दिवशीं माझा विद्यार्थी आला. त्यानें आकडे पाहिले आणि हळूच विचारलें, "गुरुजी, ताळा पाहिलात का?"

मी चमकलों. त्यानें पिशवींतून एक लहान बाटली काढली. तींत पोटॅशियम क्लोराइडचें प्रमाणित द्रावण होतें, ज्याचें विद्युद्वहन पंचवीस अंशांवर १४१३ मायक्रोसीमेन्स असतें. कांडी त्यांत बुडविली. पेटीच्या पडद्यावर आकडा १४१० च्या आसपास आला. माझ्या फोनवर मात्र ७०५. मापारी खरा होता, जासूद खरा होता, चूक गुरुजींची होती. ज्या मुलाला मीं तिसरींत ताळा शिकविला, त्यानें तो मला परत शिकविला. मला लाज वाटली, आणि खरें सांगतों, धन्यताही वाटली.

म्हणून जो कोणी हें काम करील त्याला माझें सांगणें एवढेंच, कीं फर्मवेअर बदलल्यावर ज्याचें उत्तर आधीं ठाऊक आहे असें पाणी तपासून पहावें. पीएचसाठीं सात व चार या प्रमाणांचीं द्रावणें मिळतात. कांचेची कांडी कोरडी पडूं देऊं नये, आणि ऊर्ध्वपातित पाण्यांतही बुडवून ठेवूं नये. ती पोटॅशियम क्लोराइडच्या द्रावणांत ठेवावी. वापरानें ती झिजते, म्हणून वरचेवर ताळा पहावा. आणि हेंही जाणून असावें, कीं पेटी उघडली कीं विकणाराची हमी संपते. पुढें यंत्राची जबाबदारी आपली.

आतां सर्वांत गंभीर गोष्ट. यंत्र नीट चालूं लागल्यावर शेजारच्या वहिनी मला म्हणाल्या, "गुरुजी, आकडा आतां चांगला येतो ना? मग पाणी उकळायचें कशाला?" या प्रश्नानें माझ्या छातींत धस्स झालें. श्रोतेहो, हें यंत्र क्षार मोजतें, आम्लपणा मोजतें. जंतु मोजत नाहीं. २०२५ सालच्या जानेवारींत आमच्याच पुण्यांत, सिंहगड रस्ता, नांदेड गांव, किरकटवाडी या भागांत हातपाय लुळे पाडणाऱ्या गियाँ-बारे या विकाराची सांथ उद्भवली. संशयित रुग्णांची संख्या दोनशेंच्या वर गेली. अनेक रुग्णांच्या तपासणींत कॅम्पिलोबॅक्टर नांवाचा जंतु सांपडला, आणि दूषित पाण्याकडे बोट दाखविलें गेलें. असे जंतु पाण्यांत असले तरी टीडीएसचा कांटा हालत नाहीं. पीएचही सात राहील. पडद्यावर आकडा हिरवा दिसेल, आणि पेल्यांत रोग असेल. जंतूंच्या निवारणासाठीं पाण्यांत क्लोरिनचा अंश शिल्लक असावा लागतो. मानकानें तो लिटरला निदान ०.२ मिलिग्रॅम सांगितला आहे, आणि तो पाहण्याची चांचणी वेगळी आहे. टँकरचें पाणी पिण्यासाठीं उकळावेंच. मीं त्या दिवशीं कुंडीच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहिलें, "हें यंत्र जंतु पाहत नाहीं. पाणी उकळून प्या." त्या सर्व खटाटोपांत माझ्या हातून झालेलें सर्वांत उपयुक्त काम तें हेंच असावें.

शेवटीं परीक्षा कशी झाली तें सांगून आपली रजा घेतों. एका रविवारीं सोसायटीचे सर्व लोक जमले. व्हॉल्व्हच्या स्विचालाही नवें फर्मवेअर घातलें होतें. मीं आपल्या हातानें इंटरनेटची तार काढली. टाकीकडचा व्हॉल्व्ह उघडा होता. घरांतून आणलेलें ओंजळभर मीठ एका बादलींत विरघळवून तें पाणी मीं कुंडींत ओतलें. सर्वजण स्तब्ध उभे होते. तीन-चार श्वास होतात न होतात तोंच "खट्" असा आवाज झाला आणि व्हॉल्व्ह मिटला. निरोप विलायतेला गेला नाहीं. दहा हात गेला, आणि पोंचला. मुलांनीं टाळ्या पिटल्या. वहिनी मात्र माझ्याकडे पाहून म्हणाल्या, "तरी पाणी उकळणारच हो, गुरुजी." तेव्हां मला वाटलें, आतां खरा ताळा जुळला.